परत आलेल्या गोणीतली लिंबं

आमच्या घरात मिठातलं लिंबू हौसेनं कधी घातलं गेलं नाही. ते रागानं घातलं जायचं. पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी नाना बाजारातून परतायचे आणि टपावरून गोण्या उतरवून घेताना कोणाशी एक शब्द बोलायचे नाहीत. मग मायला कळायचं, आज लिलावात भाव निघाला नाही. भाडं, हमाली, तोलाई, आडत वजा जाता हातात चहापाण्यापुरतेच पैसे उरणार असतील तर नाना माल सरळ परत आणत. "गावाला फुकट खाऊ घालीन, पण त्या भावात देणार नाही." येतानाचं भाडं पुन्हा अंगावर पडतं, हा हिशोब त्यांनाही येत होता. पण काही दिवशी माणूस हिशोब करत नाही, करायचाही नसतो.

एक गोणी गल्लीत वाटली जायची. दुसरी ओसरीवर उलटी व्हायची, आणि लिंबं घरंगळत पार उंबऱ्यापर्यंत जायची. आम्हा पोरांना तो खेळ. माय विळी घेऊन बसायची आणि नानांकडे न बघता कामाला लागायची. दुसऱ्या दिवशी ओसरी पुसली तरी चार दिवस तिला वास असायचा.

गिरणेच्या काठी आमची अडीच एकर कागदी लिंबाची बाग. आता धाकटा भाऊ बघतो. लिंबाचं झाड वर्षाला तीनदा बहरू शकतं, आणि शेतकऱ्याची सगळी अक्कल यातला कोणता बहार धरायचा यात खर्ची पडते. आंबे बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फूल येतं आणि फळ ऐन पावसाळ्यात उतरतं. मृग बहाराचं फळ थंडीत येतं. हस्त बहाराचं फूल सप्टेंबर-ऑक्टोबरातलं आणि फळ उन्हाळ्यातलं, म्हणजे रसवंतीवाले, हॉटेलवाले, लग्नघरं सगळे लिंबाच्या मागे असतात तेव्हाचं. अर्थातच सगळ्यांना हस्तच हवा असतो. पण फूल धरायला आधी झाडाला ताण द्यावा लागतो, पाणी तोडावं लागतं, आणि भाद्रपदात आभाळाला पाणी तोड म्हणून कोण सांगणार? म्हणून झाडं आपल्या मर्जीनं आंबे बहारावर येतात. आषाढ-श्रावणात सगळ्यांच्याच बागा एकदम पिवळ्या होतात, आणि नाना गोण्या परत घेऊन येतात.

आता यातली गंमत बघा. लिंबू मुरायला ऊन लागतं. खानदेशात उन्हाला तोटा नाही. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, गच्चीवरची काचेची बरणी दुपारी तीनला हातात धरवत नाही. पण तेव्हा लिंबू महाग. आणि लिंबू मातीमोल होतं तेव्हा आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. स्वस्त लिंबू आणि कडक ऊन यांची गाठ काही पडत नाही. मायचं सगळं शास्त्र या अडचणीतून निघालं होतं. ती पावसाळ्यात मीठ भरून ठेवायची आणि ऊन ऑक्टोबरात दाखवायची. मधले दोन-अडीच महिने बरणी चुलीमागच्या उबदार कोनाड्यात. तोवर सांभाळायचं काम मिठाचं.

म्हणून ती म्हणायची, "मीठ टाकाले हात नको आखडू." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं, आणि वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी नेमकं तेच विसरलो. त्याकडे येतोच.

आधी लिंबू निवडणं. बाजाराला रस हवा असतो, बरणीला साल. त्यामुळे बाजारात चालतं ते लिंबू बरणीत चालत नाही. खैऱ्या पडलेलं फळ, म्हणजे सालीवर खडबडीत तपकिरी फोड आलेलं, सरबताला एकदम उत्तम. पण मिठात सालच खायची असते, तिथे तो फोड दाताखाली भुशासारखा येतो. झाडाखाली गळून मातीला लागलेलं फळ नको, त्याच्या देठाशी बुरशीनं आधीच जागा धरलेली असते. गर्द हिरवं नको, त्याचा कडवटपणा हटता हटत नाही. पिवळ्याला जेमतेम हिरवी छटा, साल पातळ, बोटानं दाबलं की आतला रस सरकल्याचं जाणवतं, ते घ्यायचं. किलोत वीस-बावीस बसतात.

धुवायची, मग पुसायची, आणि रात्रभर धोतरावर पसरून ठेवायची. देठाच्या खळगीत पाण्याचा थेंब राहतो, तो फडक्याच्या टोकानं टिपायचा. माय हे काम आम्हाला देत नसे, कारण आम्ही ते केल्यासारखं करायचो.

मग चीर. भरल्या वांग्याला देतो तशीच, वरून दोन छेद आडवे-उभे, पण खालून जोडलेलं राहील असे. विळीवर लिंबू फिरवताना तिचा अंगठा पात्याच्या इतक्या जवळून जायचा की मी डोळे मिटायचो. चार पाकळ्या उघडल्या की सुरीच्या टोकानं दिसतील तेवढ्या बिया उडवायच्या, कारण कडूपणा बियांत असतो. आणि जाडसर कुटलेलं खडे मीठ चिमटीनं आत सोडायचं. एकदा नाही. भरायचं, पाकळ्या मिटवून दाबायचं, रस सुटून मीठ ओलं झालं की पुन्हा उघडून भरायचं. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी बोटांची नखुरडी सोललेली असतात. त्या बोटांनी हे काम करणाऱ्या बाईला विचारा मीठ आणि लिंबू म्हणजे काय. पावसाळ्यात बोटं धड असतात, एवढंच बरं.

एक किलो लिंबांना पाव किलो मीठ. बरणीत थर लावायचा, दाबायचा, वरून मूठभर मीठ. वेगळी काढलेली आठ-दहा लिंबं पिळून त्यांचा रस वर ओतायचा, फळ बुडेपर्यंत. चिनी मातीच्या बरणीला दादरा बांधायचा. हळद नाही, तिखट नाही, हिंग-मोहरी नाही. उपासाला चालायला हवं, हे एक कारण. दुसरं कारण मायनं कधी सांगितलं नाही, पण मला वाटतं तिला त्या गोणीवर आणखी पैसा घालवायचा नव्हता.

पुढचे दिवस बरणी एका जागी बसलेली दिसते, पण आत बरंच चाललेलं असतं. मीठ सालीतलं आणि गरातलं पाणी ओढून घेतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बघावं तर लिंबं आपल्याच पाण्यात पोहत असतात. रोज बरणी हलवायची, वर तरंगणाऱ्याला खाली जाऊ द्यायचं. हवेला उघडं राहिलेलं फळच आधी बिघडतं. बुडालेल्याला आंबटपणा आणि मीठ दोघं मिळून राखतात. पंधराव्या दिवसाच्या सुमारास पिवळा रंग उतरतो, मळकट हिरवट-तपकिरी काहीतरी होतं. याच सुमाराला पोर बरणीत बोट घालतं आणि थुंकतं. तेव्हा लिंबू ताज्याहून कडू असतं. सालीच्या आतल्या पांढऱ्या अस्तरातला कडवटपणा बाहेर पडलेला असतो आणि अजून विरलेला नसतो. पुष्कळ घरांतली बरणी याच आठवड्यात "बिघडली" म्हणून फेकली जाते, असा माझा अंदाज आहे. ती बिघडलेली नसते. फक्त मधे असते.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना रोज दादरा सोडून बघायचो. मायनं एकदा मागून येऊन पाठीत धपाटा घातला. "लिंबूले ऊन जोयजे, तुना हात नही." आणि मुदत सांगितली, सव्वा महिना. बाळंतिणीला सव्वा महिना उंबरा ओलांडू देत नाहीत, तसंच बरणीचं.

खूप वर्षांनी, नोकरीतल्या रिकाम्या वेळात, मला वाचनात एक वैद्य भेटला. इब्न जुमय नावाचा, बाराव्या शतकात इजिप्तमध्ये होऊन गेलेला, सुलतान सलाउद्दीनच्या पदरी असलेला. त्यानं लिंबाच्या गुणांवर लिहिलं आणि त्यात मिठातल्या लिंबाची कृतीही दिली. पिकलेली पिवळी लिंबं घ्या, दोन भाग सुटे होऊ न देता चिरा, चिरेत भरपूर मीठ घाला, रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ठेवा, वरून लिंबाचाच रस ओता, फळ बुडलं पाहिजे. तोंड मेणानं बंद करा. पंधरा दिवस उन्हात. त्यानंतर निदान चाळीस दिवस हात लावू नका. आणखी थांबलात तर चव आणखी चांगली.

चाळीस दिवस. सव्वा महिन्याला दोन-तीन दिवस इकडे-तिकडे. नाईल आणि गिरणा यांच्यात लिंबाबद्दल कधी पत्रव्यवहार झाला असेल असं वाटत नाही. आमच्याकडे दादरा, तिकडे मेण, एवढाच काय तो फरक. मी हे मायला उत्साहानं सांगितलं, तर तिला सलाउद्दीनचं काही नव्हतं. तिनं विचारलं, त्यानं बिया काढल्या होत्या का. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आता माझी फजिती.

2019 साली रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी मिठाचं प्रमाण निम्म्यावर आणायला सांगितलं, आणि घरात सौ.नं ते निम्म्याच्याही निम्म्यावर आणलं. त्याच पावसाळ्यात भावानं लिंबं पाठवली आणि मी ठरवलं, यंदा आपण घालायची. आरोग्याचा विचार करून किलोला शंभर ग्रॅम मीठ घेतलं. तेही बारीक, पुडीतलं. चिनी मातीची बरणी गावाला होती, म्हणून मुरंब्याची रिकामी काचेची बरणी घेतली, पत्र्याच्या फिरकीच्या झाकणाची. वरून रसही घातला नाही. म्हटलं, सुटेलच की. स्वतःवर खूश होऊन बरणी खिडकीत ठेवली.

नवव्या दिवशी वरच्या दोन लिंबांवर पांढरी साय. मी ती चमच्यानं काढली आणि कोणाला सांगितलं नाही. बाराव्या दिवशी सायीला राखाडी-हिरवी लव आली. झाकण उघडायला गेलो तर ते हलेना. जोर लावल्यावर करकरत फिरलं आणि आतून तांबूस गंजाची पूड थेट लिंबांवर पडली. मीठ आणि आंबट यांनी मिळून पत्रा खाल्ला होता. बरणीला वास येत होता, ओल्या भिंतीला येतो तसा. लिंबाचा वास कुठेच नव्हता. सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "अहो, ते बाहेर न्या आधी." बाकी काही म्हणाली नाही. तिनं आणखी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मायला फोन लावला.

"कितलं मीठ टाकं व्हतं?" तिचा पहिला प्रश्न.

मी आकडा सांगितला. आणि कारणही सांगितलं, डॉक्टरसकट.

पलीकडे क्षणभर काही नाही, मग हसणं. "मंग ते नासीच ना! डाक्टरनी तुले सांगं कमी खा, लिंबूले थोडंच सांगं?"

एवढं सोपं होतं ते. ताटात वाढताना एका फोडीऐवजी पाव फोड घ्यायची, हे माझ्या हातात. बरणीत किती लागतं ते लिंबू ठरवतं, तिथं माझा रक्तदाब कोण विचारतो? तेव्हापासून घालताना पाव किलो, आणि खाताना नखाएवढं. नखाएवढं पुरतंही, कारण ते नुसतं लिंबू नसतं, त्या घासाचं मीठही तेच असतं.

पुढच्याच वर्षी, 2020 च्या एप्रिलात, आयुष्यात एकदाच तो योग आला. टाळेबंदीत रसवंत्या बंद, हॉटेलं बंद, लग्नं बंद. भावाच्या बागेत हस्त बहाराचं फळ, जे मिळावं म्हणून वर्षानुवर्षं देव पाण्यात घातले ते, झाडावर पिवळं होऊन गळत होतं. तोडणीला माणूस नाही, न्यायला गाडी नाही. त्यानं स्वतः आकडीनं पाडून एक गोणी दुधाच्या गाडीत टाकून पाठवली. स्वस्त लिंबू आणि वर आग ओकणारं ऊन एकाच महिन्यात, आणि वर्ष हे असलं. नाना तेव्हा नव्हते. असते तर या योगावर काय बोलले असते, ते मी लिहू शकत नाही. त्यातले बरेच शब्द शिव्या असते.

त्या वेळी दोन बरण्या भरल्या, मायच्या मापानं. गच्चीवर दुसरं काही काम नव्हतं. रोज सकाळी बरणी उचलून पूर्वेच्या कठड्यावर, दुपारी मधे, चारनंतर पश्चिमेला. शेजारच्या गच्चीवर बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, खाट होती; तिथली बाई तिच्या खाटेसोबत सरकायची, मी माझ्या बरणीसोबत. दोन महिने आम्ही एकमेकांना लांबून "कडक आहे आज" एवढंच म्हणत होतो. महिन्याभरात सालीत काचेसारखी झाक आली, बोटात धरलं की पाकळी हलकेच वाकायला लागली. दिवाळीपर्यंत रंग चहाचा. त्यानंतर मी एक बरणी उघडली आणि दुसरी विसरलो. खरंच विसरलो, माळ्यावर पाहुण्यांच्या गाद्यांमागे.

2021 च्या ऑगस्ट अखेरीस चाळीसगावला पूर आला, ते आठवत असेल. त्या वर्षी आमच्या भागात पाऊस थांबलाच नाही, जमिनीला ताण बसलाच नाही आणि भावाच्या झाडांना हस्ताचं फूल जेमतेम लागलं. पुढचा उन्हाळा आला तेव्हा झाडावर फळ नाही. एप्रिल 2022 मध्ये लिंबू दहा रुपयांना एक झालं, किलो दोनशेच्या वर. रस्त्यावरच्या एका ढाब्यात शेवभाजीबरोबर कांद्याची बशी आली, तिच्यात लिंबाची जागा रिकामी. मागितलं तर पोऱ्या मालकाकडे बघायला लागला. दुकानांच्या दाराला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी काय केलं असेल, ही मला त्या वेळी खरी चिंता होती. भाव असा, आणि भावाकडे विकायला माल नाही. तो फोनवर भाव सांगायचा आणि आम्ही दोघंही गप्प बसायचो.

गाद्या काढताना त्याच महिन्यात माळ्यावरची बरणी हाती लागली. लिंबं काळी झाली होती, जुन्या गुळासारखी. खार घट्ट, काकवीसारखा. एक फोड ताटलीत काढली तर सुरीची गरजच नव्हती, चमच्यानं तुटली. साल कुठे संपते आणि गर कुठे सुरू होतो ते कळेना. जिभेवर आधी मीठ, मग आंबट, आणि मग मागून काहीतरी गोडसर, चिंच आणि मनुका यांच्या मधलं. कडू नाव नाही. अर्धी फोड माठाच्या पाण्यात कुस्करून, गूळ घालून, दोघांनी प्यालो. दहा रुपयाला एक म्हणून ज्याचा बभ्रा होता, ते लिंबू आमच्या पेल्यात दोन वर्षांपूर्वीच्या भावानं आलं होतं, म्हणजे कुठल्याच भावानं नाही.

मुलीला फोटो पाठवला. तिनं पुण्याहून उलट मोरोक्कोचे फोटो पाठवले: चार पाकळ्यांत मीठ दाबलेली मोठी पिवळी लिंबं, काचेच्या बरण्या, बाजारात रचलेले ढीग. तिथे ती मांसाच्या रश्श्यात घालतात, आणि बहुतेक वेळा फक्त साल चिरून वापरतात, मधला गर काढून टाकतात. मायला सांगितलं. तिला हे फार लागलं. "मंग मधला गर काय ढोरेसले टाकतस?" व्हिएतनाममध्ये मात्र असंच खारवलेलं लिंबू साखर-पाण्यात कुस्करून पितात, हे ऐकल्यावर ती निवळली. त्या लोकांना ऊन कळतं, म्हणाली.

साल चिरून घालायची कल्पना मात्र मी उचलली. थंडीत भरताची वांगी आली, तुराट्यांवर भाजली, लाकडी बडगीत ठेचली, आणि मीठ न घालता मी त्यात काळ्या लिंबाची साल अगदी बारीक चिरून टाकली. सौ. म्हणाली, भरतात लिंबू हा काय प्रकार. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, यापलीकडे भरतात काही जात नाही, हे तिचं म्हणणं, आणि खानदेशात या विषयावर माघार कोणी घेत नाही. खाल्लं तिनं. कसं झालं ते सांगितलं नाही. पुढच्या वेळी भरीत करताना मला मात्र बाजूला बसवलं. खिचडीबरोबर आणि कळण्याच्या भाकरीबरोबर चालतं, तेवढी सवलत आहे.

गेल्या आठवड्यात श्रावणसरी सुरू असताना भाऊ आला. गाडी फाटकाशी लावली, मागून गोणी काढली आणि ओट्यावर टेकवली. भाव विचारला नाही, त्यानंही सांगितला नाही. त्याची मान नानांसारखी दिसत होती. चहा घेऊन तो गेला, आणि मी लिंबं धोतरावर पसरली. खैऱ्याची बाजूला, मातीला लागलेली बाजूला. पंखा लावला. सौ. विळी घेऊन आली आणि समोर बसली. चीर ती देते, मीठ मी भरतो, माझ्या मापावर तिचा अजून विश्वास नाही, म्हणून वजनकाटाही मधे ठेवला होता. मायची चिनी मातीची बरणी आता माझ्याकडे आहे, काठाला एक टवका गेलेली. दादरा बांधून होईतो आठ वाजले.

फोन वाजला. तिला भावानं सांगितलंच असणार.

"ऊन पडनं का तठे?"

खिडकीतून बघितलं. वीज चमकून गेली, पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"नही अजून."